गोगलगाईला झाडू कुणी दिला?

"पाण्यातले ते छोटे बेडूक पाळताय ना? मग सोबत दोन गोगलगाई सोडा. टँक आपोआप साफ राहतो."

हे वाक्य गेल्या तीन-चार वर्षांत मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता पाठ झालंय. दुकानदार म्हणतो, शेजारी म्हणतात, कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो. एका समारंभात तर चक्क विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला ते ऐकवलं, आणि वर "इकोसिस्टिम आहे ती" असंही सांगितलं. मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. "आपोआप" या शब्दावर माझा तेव्हापासूनचा राग आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकांत राज्यं आपोआप बुडायची, सुधारणा आपोआप व्हायच्या, आणि मी तांबड्या शाईनं प्रत्येक आपोआपखाली रेघ मारून शेजारी लिहायची, "कुणी केलं?"

तोच प्रश्न आज टँकच्या बाबतीत विचारते आहे. कुणी म्हणेल, बाईंना म्हातारपणी दुसरा उद्योग उरला नाही, बेडूक आणि गोगलगाईंवर उतरल्या. म्हणू दे. बेडूकही जिवंत आहे नि गोगलगायही, आणि ज्या मुलासाठी हे सगळं घरात आणलं जातं तेही शेजारी उभं राहून बघत असतं.

आधी बेडकांची ओळख करून देते, कारण आपल्या विहिरीतल्या किंवा भातखाचरातल्या बेडकांशी यांचं फारसं जुळत नाही. दुकानात "ॲक्वेरियम फ्रॉग" म्हणून मिळतात ते मुख्यतः दोन जातींचे, आणि दोन्ही आफ्रिकेतले. एक बुटका बेडूक, ड्वार्फ फ्रॉग. काँगो, कॅमेरून, नायजेरिया या पट्ट्यातला. वाढून वाढून माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा होतो. दुसरा नखांचा बेडूक, क्लॉड फ्रॉग. हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला. याची मादी चार-साडेचार इंच वाढते आणि नीट सांभाळली तर पंधरा वर्षंही जगते. दोघेही जन्मभर पाण्यात राहतात आणि श्वास घ्यायला तेवढे वर येतात, कारण श्वास फुप्फुसांनीच. दोघांनाही जीभ नसते! आपण पाठ्यपुस्तकात चित्र पाहिलेलं असतं ना, लांबलचक जीभ बाहेर फेकून माशी पकडणारा बेडूक, तसलं काही नाही. बुटका बेडूक तोंड उघडून घास पाण्यासकट आत ओढतो. नखांचा बेडूक पुढच्या दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो, लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचलेल्या माणसासारखा.

नखांच्या बेडकाचा इतिहासही आहे, आणि इतिहासाची बाई म्हणून तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. केपटाऊनला काम केलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांच्या प्रयोगांतून १९३० च्या दशकात गरोदरपणाची एक चाचणी निघाली. बाईची लघवी मादी बेडकाला टोचायची. बाईला दिवस गेलेले असतील तर बेडकी काही तासांत अंडी घालते. त्याआधीच्या चाचण्यांत ससा किंवा उंदीर मारून, आतून तपासावा लागे. बेडकी मात्र जिवंत राहायची आणि पुन्हा वापरता यायची. म्हणून हजारोंच्या संख्येनं हे बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. १९६० नंतर नव्या चाचण्या आल्या नि या कामातली त्यांची गरज संपली. काही निसटले, काही लोकांनी सोडून दिले. आज कॅलिफोर्नियात, चिलीत, फ्रान्समध्ये, सिसिलीत ते रानात वाढताहेत आणि तिथल्या मूळच्या जीवांना जड जाताहेत. कॅलिफोर्नियात तर हा बेडूक बाळगायलाच बंदी आहे. एकदा उपयोगासाठी आणलेला प्राणी उपयोग संपल्यावर कुठे जातो, याचा हा धडा आहे. पुढे गोगलगाईकडे वळायचंय म्हणून लक्षात असू द्या.

आता दुकानात काय होतं? दोन्ही जातींची पिल्लं एकाच काचेत आणि एकाच भावात. दीड इंचाचं नखवालं पिल्लू "ड्वार्फ" म्हणून हातात पडतं. ओळखायची खूण सोपी आहे, पण सांगतं कोण! पुढच्या पायांची बोटं पाहा. बोटांमध्ये पडदा असेल तर बुटका. बोटं सुटी असतील आणि पडदा फक्त मागच्या पायांना असेल तर नखांचा. पांढराफटक, लाल डोळ्यांचा बेडूक दिसला तर तोही बहुतेक नखांचाच. एवढं पाहिल्याशिवाय पाकीट काढूच नये.

आमच्या इमारतीत एका घरी असंच झालं. मुलाच्या वाढदिवसाला दोन "ड्वार्फ" आले, आणि सोबत लिंबाएवढ्या दोन पिवळ्या गोगलगाई. दुकानदार म्हणाला, "ये जमादार है, सब साफ रखेगा." त्या शब्दाकडे नंतर येते. तीन महिन्यांत बेडूक दुप्पट झाले, कारण ते ड्वार्फ नव्हतेच. एक दिवस त्यांनी एका गोगलगाईच्या शिंगांचे लचके तोडले. आपल्याला जी शिंगं वाटतात ती पाण्यात अळीसारखी वळवळतात. समोर वळवळणारी वस्तू दिसली की ती अन्न, हा बेडकाचा साधा हिशोब. गोगलगाय आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. या जातीला खरोखरच दार असतं, पायाला चिकटलेली शिंगासारखी चकती. घरच्यांना वाटलं झोपली असेल. चार दिवसांनी पाणी दुधाळ झालं आणि हॉलमध्ये बसवेना. मेलेल्या गोगलगाईचा वास ज्यानं घेतलाय तो जन्मात विसरत नाही. बेडूक तळाशी मलूल पडले होते. साफसफाईसाठी आणलेल्या जिवानंच पाणी नासवलं, आणि यात त्या बिचारीचा काडीचा दोष नव्हता.

बेडूक याहून मोठे झाले असते आणि गोगलगाई याहून लहान असत्या, तर त्यांनी त्या शंखासकट गिळल्या असत्या. नखांचा बेडूक तोंडात मावेल ते गिळतो. कठीण शंख आतड्यात अडकला तर तोही जातो.

"म्हणजे खरे बुटके बेडूक असते तर चाललं असतं ना?" असं मला विचारलं गेलं. तर तिथेही ऐका. बुटक्या बेडकाला लिंबाएवढी गोगलगाय खाता येत नाही, हे खरं. पण तिथे उलटा प्रकार होतो. या बेडकाची नजर मंद. तो वासानं आणि समोरच्या हालचालीनं अन्न शोधतो, आणि अतिशय सावकाश. आपण गोठवलेल्या लाल अळ्या वितळवून तळाशी वाटीत टाकतो. बेडकाला वास लागतो, तो इकडे तोंड घालतो, तिकडे तोंड घालतो, वाटीवरून पुढे निघून जातो, पुन्हा परत येतो. तेवढ्यात गोगलगाय येते. ती हळू चालते म्हणून आपण तिला गरीब समजतो, पण वासाच्या बाबतीत ती मुळीच गरीब नाही. ती थेट वाटीत चढते आणि सगळं पोट वाटीवर पसरून बसते. अळ्या तिच्या खाली, बेडूक बाहेर. अर्ध्या तासानं आई येऊन बघते, वाटी रिकामी. "छान खातात हो आमचे बेडूक!" असं दोन महिने चालतं. मग एक दिवस बेडकाच्या पाठीची हाडं दिसायला लागतात आणि दुकानदार म्हणतो, "हा आजारी पीस निघाला, दुसरा देतो." आजारी कसला! तो उपाशी होता, आणि रिकाम्या वाटीकडे बघून सगळे खूश होते.

गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण आपल्या पूर्वजांनी वरून साळसूद आणि आतून डावपेची माणसासाठी केली. प्राणिशास्त्र तिच्या गटाला उदरपाद म्हणतं, म्हणजे अर्थ तोच, फक्त टोमणा नाही. मला इथे टोमणा नको आहे. ती डावपेच करत नाही, पोट भरते. डावपेच तिला विकणाऱ्याचे.

आता मुख्य मुद्दा, साफसफाईचा. गोगलगाय काय खाते? काचेवरचं शेवाळ थोडंफार, कुजलेली पानं, उरलेलं अन्न. बरं. आणि खाल्लेलं जातं कुठे? त्याच पाण्यात. पिवळ्या गोगलगाईची भूक दांडगी असते आणि शीही तशीच, तळाला लांबलांब दोऱ्या पडलेल्या दिसतात. ती कचरा नाहीसा करत नाही, त्याचं रूप बदलते. काच चकचकीत दिसते आणि आपल्याला वाटतं पाणी स्वच्छ झालं. पण बेडकाला मारतं ते काचेवरचं शेवाळ नव्हे. त्याला मारतो तो न दिसणारा अमोनिया. बेडकाची, गोगलगाईची आणि उरलेल्या अन्नाची घाण कुजून तो तयार होतो, आणि बेडकाची कातडी इतकी झिरपती की पाण्यातलं सगळं आत जातं. या अमोनियाचं काय ते करतात फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू. ते त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्यामानानं कमी विषारी नायट्रेट. आणि ते नायट्रेट बाहेर काढायला वनस्पती तरी लागतात, नाहीतर बादली घेऊन उभा राहिलेला माणूस. यात गोगलगाईचं काम कुठे आहे? ती अमोनिया घालणाऱ्यांच्या यादीत आहे, काढणाऱ्यांच्या नाही. दोन बेडकांच्या वीस लिटरच्या पेटीत दोन मोठ्या गोगलगाई सोडणं म्हणजे खोली साफ राहावी म्हणून आणखी दोन पाहुणे मुक्कामाला बोलावणं.

शिवाय दोघांची तब्येत वेगळी. गोगलगाईला शंखासाठी चुना लागतो, म्हणजे जड पाणी. मऊ, आंबटसर पाण्यात तिचा शंख झिजतो, पांढरे चट्टे पडतात, भोकं पडतात. देशावर बोअरचं पाणी असेल तर तिचं निभतं. कोकणात जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात नाही. तिथे तिला निदान समुद्रफेसाचा तुकडा तरी द्यावा लागतो. नखांच्या बेडकाला गारवा लागतो, वीस अंशांच्या आसपासचा. पिवळी गोगलगाय चोवीस-पंचवीस अंशांत रमते. बेडकाला बुरशी आली आणि पाण्यात मीठ घातलं तर गोगलगाईला सोसत नाही. तांब्याचा अंश असलेलं औषध घातलं तर ती संपलीच. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. हे दुकानात कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर दोन गोगलगाई कमी खपतात.

"पण निसर्गात एकत्रच राहतात की!" हो, राहतात. निसर्गात एकाच डबक्यात बगळाही येतो नि बेडूक उडी मारून पळतो. पळायला जागा असते, पाणी वाहतं, पाऊस पडतो, घाण पसरून जाते. दीड फूट काचेच्या पेटीला निसर्ग म्हणायचं असेल तर एसटीच्या डब्याला महाराष्ट्र म्हणा.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. काही लोक सांगतात, "माझ्याकडे बुटके बेडूक आणि गोगलगाय दोन वर्षं एकत्र आहेत, सगळे ठणठणीत." मी त्यांना खोटं म्हणत नाही. साठ-सत्तर लिटरचा टँक असेल, फिल्टर मुरलेला असेल, बेडकाला चिमट्यानं घास भरवत असाल, गोगलगाईला काकडीची उकडलेली फोड वेगळ्या कोपऱ्यात देत असाल आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलत असाल, तर जमतं. नेराइट नावाची लहान, पट्ट्यापट्ट्यांची गोगलगाय अशा घरी बरी. ती मुख्यतः शेवाळावर जगते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्लावळ वाढत नाही. पण या लोकांना विचारा, सफाई कोण करतं? ते म्हणतील, "मी." त्यांच्या घरी गोगलगाय नोकर म्हणून राहत नाही, म्हणून ती जगते.

तिसरे लोक लहान चकत्यांसारख्या गोगलगाई मुद्दाम वाढवून बेडकांना खाऊ म्हणून घालतात. यात निदान लपवाछपवी नाही. फक्त ओढ्यातून, भाताच्या खाचरातून गोळा करून आणू नका, हे मात्र मी हात जोडून सांगेन. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९९५ साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांना तळ्याकाठी तंगड्या नसलेले, तंगड्या वेड्यावाकड्या असलेले ढीगभर बेडूक सापडले. (बघा, मोठी माणसं त्याच तळ्यावरून रोज जात असतील!) त्यावर बरीच वर्षं संशोधन चाललं. कारणांबद्दल वादही झाले, पण १९९९ साली प्रयोगानं एक गोष्ट दाखवून दिली. एक परजीवी कृमी आहे, तो आधी गोगलगाईत वाढतो, मग पाण्यात उतरून बेडकाच्या पिल्लात जिथे पाय फुटायचे तिथे घुसतो, आणि पाय विचित्र फुटतात. आपल्याकडचीच गोष्ट हवी असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाची घ्या. लघवीतून रक्त जाण्याचा एक आजार, शिस्टोसोमियासिस, तिथे माणसांत आढळल्याचं गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी १९५२ साली नोंदवलं. त्यातही कृमीचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगाईतच जातं. सगळ्याच गोगलगाई रोगट असतात असं माझं म्हणणं नाही. काचेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलीत हे कृमी येणार कुठून? पण ओढ्यातली कुठल्या बगळ्याच्या विष्ठेत फिरून आली, ते तुम्हाला बघून कळणार नाही.

आणि हात धुवा, बरं का. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात बुटक्या बेडकांच्या टँकमधून साल्मोनेलाची साथ पसरली. चाळीसहून जास्त राज्यांत दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. टँकचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नये, हे सांगणारं दुकान मला अजून भेटायचंय.

आता त्या "जमादार" शब्दाकडे येते. इंग्रजीत हौशी लोक या गोगलगाईंना "क्लीनअप क्रू" म्हणतात. आपल्याकडे त्याचा अनुवाद दुकानदारानं केला तो हा. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचा मैला वाहत आली त्यांना लावलेला शब्द आता पिवळ्या गोगलगाईला लावतात, आणि नऊ वर्षांचा मुलगा वाढदिवसाच्या टँकपुढे उभा राहून पाहुण्यांना सांगतो, "हा आमचा जमादार." पाहुणे हसतात. मला हसू आलं नाही. मैला वाहायला लावण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि अजूनही गटारात उतरून माणसं मरताहेत. दोनदा कायदा का लागला? कारण घाण करायची आपण आणि काढायला कुणीतरी "असतो", हे आपल्या हाडात मुरलंय. एवढं मुरलंय की त्या कामाला माणूस मिळेना तर आपण गोगलगाय शोधली.

अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव आता मुलांना ठाऊक नसतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास साफ करण्याचं काम मागितलं. ते ब्राह्मण, म्हणून तुरुंगानं ते काम द्यायला नकार दिला. त्यांनी त्यासाठी उपोषण मांडलं, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना उपोषणानं साथ दिली. म्हणजे सफाई करू द्या म्हणून माणूस उपाशी राहिला! हे मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. नंतर ती मुलं आपल्या वर्गाचा केर काढायची, पाळीपाळीनं, मुलगे आणि मुली दोघं. हल्ली काही पालकांना तेही चालत नाही म्हणे. "आम्ही फी भरतो." असो.

म्हणून मला टँकमधली नळी महत्त्वाची वाटते. प्लॅस्टिकची साधी नळी, एक बादली, रविवारची वीस मिनिटं. तळाची घाण नळीनं ओढायची, बादलीतलं पाणी कुंड्यांना घालायचं, नवं पाणी क्लोरीन काढून, उष्णता जुळवून हळूच सोडायचं. मोठ्यानं बादली उचलावी, मुलानं नळी धरावी. आपण पाळलेल्या जिवाची घाण आपण काढायची, हे नऊ वर्षांच्या मुलाला यातून नीट कळतं. वहीत दहा वेळा लिहून कळत नाही. त्याऐवजी आपण त्याला दुकानातून "आपोआप" विकत आणून देतो.

आणि या आपोआपचं पुढे काय होतं तेही पाहू. गोगलगाईच्या आधी "काच चाटणारा" सकर मासा होता. तोही सफाईवाला म्हणूनच विकला गेला, अजून विकला जातो. दोन इंचाचा आणतात, तो फूटभर होतो, मग टँकमध्ये मावत नाही, मग "बिचाऱ्याला मोकळं करू" म्हणून नदीत. आज देशभरच्या नद्या-तलावांत तो पसरलाय. आपल्या उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यातही तो येऊ लागला. काटेरी अंगानं जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पिवळ्या गोगलगाईची एक चुलत बहीण आहे, सोनेरी गोगलगाय, दक्षिण अमेरिकेतली. १९८० च्या सुमारास तैवानमध्ये ती खाण्यासाठी नेली. लोकांना चव आवडली नाही, ती पाटांत गेली, आणि तिथून फिलिपिन्स, व्हिएतनाम, जपान असं करत तिनं लाखो शेतकऱ्यांचं कोवळं भात खाल्लं. युरोपीय संघानं २०१२ साली त्या सबंध कुळाच्या आयातीवर नि प्रसारावर बंदी घातली, कारण यातली कोणती भात खाते आणि कोणती नाही हे बघणाऱ्याला ओळखता येत नाही. आपल्या दुकानदाराला येतं का?

आणि आपल्याला तर लांब जायलाच नको. जमिनीवरची मोठी आफ्रिकी गोगलगाय १८४७ साली बेन्सन नावाच्या एका साहेबानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. हौस! २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या भागात गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीत फस्त केली. कित्येकांना दुबार, तिबार पेरणी करावी लागली. ती गोगलगाय वेगळी, पाण्यातली वेगळी, हे मला कळतं. माणूस मात्र तोच.

तेव्हा ज्यांच्या टँकमध्ये आज बेडूक आणि गोगलगाय एकत्र आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आधी बेडकाची बोटं पाहा. नखांचा असेल तर गोगलगाय आजच बाहेर काढा. तिला वेगळी बरणी चालते, बऱ्यापैकी मोठी, झाकणाची, कारण ती रात्री चढून बाहेर पडते. समुद्रफेस, उकडलेला पालक, आठवड्याला दोनदा पाणी. बुटका असेल आणि जागा नसेल तर निदान बेडकाला चिमट्यानं भरवा आणि तो गिळतोय हे डोळ्यांनी पाहा, रिकाम्या वाटीवर जाऊ नका. सांभाळणं होत नसेल तर दुकानात परत द्या, कुणा जाणत्याला द्या, पण तलावात, ओढ्यात, गणपतीच्या विसर्जनाच्या हौदात सोडू नका. एकच गोगलगाय आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. या जातीत नर-मादी वेगळे असले तरी मादी आधीच्या भेटीचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. ती पाण्याच्या वर, झाकणाच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. तिथे फिकट गुलाबी किंवा बदामी घोस दिसला तर सुरीनं खरवडून पिशवीत घाला, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच कचऱ्यात टाका. घोस भडक गुलाबी असेल तर तुम्हाला विकली ती भात खाणारीच असण्याची शक्यता जास्त. त्या दुकानात जाऊन तो घोस काउंटरवर ठेवा आणि विचारा, हा कोणता जमादार?